बावन्न किलोची बाई

माझी भावजय बावन्न किलोची होती. हे मी अंदाजपंचे सांगत नाही. माझा भाऊ वजनकाटे दुरुस्त करतो. त्याच्या हाताखालून गेलेल्या शंभर तरी काट्यांवर ती चढून उतरली असेल, आणि लग्नानंतर पंधरा वर्षं प्रत्येक काट्यानं बावन्न म्हणजे बावन्नच सांगितलं. लेकीच्या वेळेला तेवढी सहा महिने जड झाली, मग पुन्हा आपली बावन्न. माझं तसं नाही. माझं वजन सकाळी एक, जेवण झालं की दुसरं, आणि कुणी विचारलं तर तिसरंच.

खाली दुकान, मागे नळ आणि फरशीचं अंगण, लोखंडी जिना चढून गेलं की वर दोन खोल्या. एवढंच आमचं घर, पण आमचं स्वतःचं. दुकानात भाऊ काटे खोलून बसायचा, वरच्या खिडकीशी मी मशीनवर लोकांचे पडदे शिवायचे. मी थोरली, लग्न केलं नाही, त्यामुळे भावाच्या घरात नणंद म्हणून माझा मान होता आणि तोंडही होतं. भावजय सगळ्यात कमी बोलायची. तिला राग आला की ती भांडी घासायला घ्यायची, बस्स.

भावाला मोठं व्हायचं होतं. त्यात गैर काय? पण मोठं म्हणजे केवढं, तर ट्रकएवढं. हमरस्त्याच्या कडेला ट्रक मोजायचा काटा बसवायचा, एका ओळखीच्या माणसाशी भागीदारी करायची, आणि पैशांसाठी हे घर पतपेढीकडे तारण ठेवायचं. मी म्हटलं, "अरे, तुला पोतं मोजता येतं, ट्रक कशाला?" तर म्हणाला, "ताई, तू पडदे शिव." शिवले. काटा बसला, आठ महिने ट्रक आले, आणि नवव्या महिन्यात शहराबाहेरून नवा रस्ता सुरू झाला. सगळे ट्रक तिकडून जायला लागले. भागीदारही बहुधा त्याच रस्त्यानं गेला, कारण तो परत काही दिसला नाही.

पतपेढीचा माणूस आला तेव्हा फार सभ्यपणे बोलला. छत्तीस हप्ते. लागोपाठ तीन चुकले तर घराला कुलूप. चहा पिऊन, कप बशीत नीट ठेवून गेला. भाऊ भिंतीकडे तोंड करून जो पडला तो तीन दिवस उठला नाही. चौथ्या दिवशी सकाळी भावजयीनं त्याच्या अंगावरचं पांघरूण ओढलं.

"अहो, उठा. घर जाणार नाही. कमवायचं तुमच्याकडे, खर्च माझ्याकडे. छत्तीस महिने मध्ये कुणी बोलायचं नाही." एवढं लांब बोलताना मी तिला पहिल्यांदाच ऐकलं. भाऊ उठला. मीही गप्प बसले, आणि हे मला क्वचितच जमतं.

मग तिनं घर सोलायला घेतलं. फ्रिज विकला. पेपर बंद, केबल बंद, भावाच्या सिगारेटी बंद. दोन खोल्यांत मिळून एकच दिवा, माणूस ज्या खोलीत असेल तिथला. लेक शाळेत बसनं जायची ती चालत जायला लागली. सगळ्यांचे केस तीच कापायची. भाऊ सुरुवातीला तुरुंगातून सुटल्यासारखा दिसायचा, पुढे तिचा हात बसला. भाताला एक उकळी आली की ती गॅस बंद करून भांडं जुन्या रजईत गुंडाळून ठेवायची, तासाभरात भात आपोआप शिजायचा. टूथपेस्टची नळी संपली की कात्रीनं उभी कापून आतलं खरवडायची. साबणाची वडी दोऱ्यानं कापून अर्धी बाहेर, अर्धी कपाटात. कोपऱ्यावरच्या दुकानात अर्धी पुडी, अर्धा पाव, अर्धा लिटर असंच मागायची. दुकानदारानं तिचं नावच 'अर्धी' ठेवलं होतं.

"आली का अर्धी?" तो हसायचा.

"आमचं अर्ध्यात भागतं हो. पुरं तुम्हीच खा, मानवलंय तुम्हाला," ती म्हणायची. त्याचं पोट काउंटरवर टेकलेलं असायचं. तिला अशी जीभ होती, फक्त ती घरात वापरायची नाही.

मी काही फार शहाण्यासारखी वागले नाही. दुपारचा चहा बंद झाला तेव्हा मी घर डोक्यावर घेतलं. दिवसभर मान मोडून मशीन चालवायचं आणि घोटभर चहा नाही? मला काय कर्ज झालं होतं? भावाच्या हौसेपायी माझा चहा का?  दोन दिवसांनी माझा दुपारचा चहा सुरू झाला. मी विचारलं नाही, कुठून आला. सकाळी ती चहा गाळताना तीनच कप मांडायला लागली होती, हे मला दिसत होतं.

जेवणाचं तर वेगळंच. काटेवाल्याचं घर, त्यामुळे तिनं दुकानातला लहान काटा वर आणला आणि तांदूळ, डाळ, बटाटे सगळं मोजून शिजवायला लागली. भावाचं एवढं, त्याला दिवसभर लोखंड उचलायचं असतं. लेकीचं एवढं, ती वाढती. माझं एवढं. ग्रॅमला ग्रॅम. मी एकदा म्हटलं, "अगं, आणि तुझं कुठंय?"

"माझं काय, उरलेलं मोजायला काटा लागतो का?"

आम्ही सगळे हसलो. खरंच हसलो, भाऊ तर ठसका लागेपर्यंत. ती आमचं झाल्यावर आत बसून जेवायची. पूर्वीही बरेचदा तसंच करायची, त्यामुळे कुणाला काही वाटलं नाही.

दहा हप्ते बिनबोभाट गेले. अकराव्या महिन्यात काम असं आलंच नाही. दोन किराणावाले आणि एक मिठाईवाला, बास. तारखेला पाच दिवस उरले आणि अर्धाही हप्ता जमला नव्हता. दुकानात विकण्यासारखी एकच गोष्ट होती, भावाची वजनं. वीस वीस किलोची दहा लोखंडी वजनं, प्रत्येकावर सरकारी शिक्का. मोठा काटा दुरुस्त केला की त्यावर ही वजनं ठेवून बघायचं, वीसला वीस, शंभरला शंभर दाखवतो का. तेच त्याचं माप. दुसऱ्या शहरातला एक काटेवाला दोन वर्षांपासून ती मागत होता. भावानं त्याला फोन केला. टेम्पो आला, दहाच्या दहा गेली, हप्ता भरला.

त्या दिवशी भाऊ रिकाम्या कोपऱ्याकडे बघत दुकानात बसून राहिला. "लहान काट्यांचं ठीक आहे," तो म्हणाला, "पण मोठा काटा आता कशावर लावू? माझे हातच गेले."

तेव्हा भावजय चपला काढून समोरच्या काट्यावर चढली. "मी आहे ना," ती म्हणाली. "पंधरा वर्षं बावन्न. लावा."

तो हसला, आणि मग हसता हसता खरंच विचार करायला लागला. मी वरून ओरडले, "अरे, पाण्याचे कॅन भर की. वीस लिटरचे वीस किलो होतात."

"कॅन वीस लिटरचा आहे हे कुणी तपासलंय?" तो म्हणाला. "हिचं वजन मी स्वतः तपासलंय, सरकारी वजनांवर, एकदा नाही, शंभरदा." एवढं बोलून त्यानं स्क्रू फिरवायला घेतला.

आता सगळे मला शिकवतात की असं कुणी करतं का. करतं. ज्यानं आयुष्यभर प्रत्येक काट्यावर संशय घेतला, त्याला विश्वास ठेवायला जगात एकच गोष्ट होती, ती म्हणजे ही बाई. दुरुस्तीनंतर काट्यावर वजनमापं खात्याचा शिक्का मारून घ्यायचा असतो. त्याची फी पडते, तीही वाचवली. काम झालं की भाऊ हाक मारायचा, "येतेस का गं?" ती हात पुसत जिना उतरायची, अनवाणी काट्यावर उभी राहायची, समोर बघायची. हा आकडा हलवत हलवत बावन्नवर आणायचा. "हं, उतर." की काटा पास. तारीख घातलेली त्याची चिठ्ठी लागायची आणि काटा गिऱ्हाईकाकडे जायचा.

असं वर्षभर चाललं. हप्ते एकामागून एक जात होते. भाऊ सावरला होता, शीळ घालायला लागला होता. माझ्याकडेही एका लॉजचं मोठं काम आलं. ती तेवढी बारीक दिसायला लागली होती, पण घरातलं माणूस रोज बघताना दिसत नाही म्हणतात. चेहरा ओढल्यासारखा वाटला की ती म्हणायची, "झोप झाली नाही." थंडी सरली तरी अंगात स्वेटर असायचा.

एकदा पार्सल ऑफिसचा काटा आला. त्याला काही झालेलं नव्हतं, फक्त खालचं एक चाक तुटलं होतं. भावानं चाक बसवलं आणि सवयीनं हाक मारली. ती चढली. आकडा अठ्ठेचाळीसवर गेला, थोडा पुढे सरकला आणि थांबला. मी नेमकी खाली होते, लेकही शाळेतून येऊन पायरीवर बसली होती.

"हाही गेलेला दिसतोय," भाऊ म्हणाला.

"बाबा, पण त्याचं तर चाकच मोडलं होतं ना?" लेक म्हणाली. "काटा आधीपासून बरोबरच असेल."

"मोठी शहाणी लागून गेलीस. आईचं वजन कधी बदलतं का?"

त्यानं झाकण उघडलं आणि चांगला, धडधाकट काटा बिघडवून बावन्नवर आणून ठेवला. पोरीचं बरोबर होतं. तेरा वर्षांच्या पोरीला कळलं ते आम्हा घोड्यांना कळलं नाही. भावजय आकड्याकडे बघून म्हणाली, "आले बघा बावन्न," आणि उतरताना तिनं काट्याचा दांडा धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

तिलाही खरंच तसं वाटत असणार. हे लोकांना पटत नाही. ती उपाशी होती, तिला कळत होतं, पण नवऱ्याचा काटा बावन्न सांगत होता आणि नवऱ्याच्या काट्यावर तिचा आमच्यापेक्षा जास्त विश्वास होता. मी कधी काळजीनं बोलले तर ती म्हणायची, "ताई, परवाच तर चढले होते. बावन्न. तुम्ही उगाच."

पुढे अठ्ठाविसावा हप्ता भरला त्या आठवड्यात ती बादली घेऊन जिन्यात घसरली. घसरली असं ती म्हणाली. मी वरून बघितलं होतं. पाय घसरला नव्हता, गुडघेच वाकले होते. मी तिला दंडाला धरून दवाखान्यात नेलं. नको नको म्हणत होती, फी कशाला म्हणत होती. मी म्हटलं, "चालतेस की ओढत नेऊ?"

दवाखान्यातल्या बाईनं तिला काट्यावर उभं केलं. काटा आमच्याच दुकानातून आठच दिवसांपूर्वी गेलेला, भावाची चिठ्ठी वर चिकटलेली. बावन्न.

"तुम्हाला बरं बावन्न दाखवतो," ती बाई कुरकुरली. "दुरुस्त होऊन आल्यापासून मला सात किलो जास्त दाखवतोय. सगळे पेशंट शिव्या देतायत."

"काटा खोटं बोलतो म्हणता, मग एकदा आरशाला विचारून बघा की," डॉक्टर आतून म्हणाला, आणि आम्ही चौघंही हसलो. त्यानं जुनं कार्ड काढलं. तीन वर्षांपूर्वीचं वजन, बावन्न. आजचं वजन, बावन्न. पेन न थांबवता म्हणाला, "वजन जसंच्या तसं आहे, घाबरायचं कारण नाही. दगदग कमी करा." लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या. मेल्याला डोळे नव्हते का? स्वेटर काढायला सांगितलं असतं तर दंड दिसला असता. मी त्या डॉक्टरला मनातल्या मनात इतक्या वेळा फाडून खाल्लंय की तो कधी समोर आला तर मला नवीन काही बोलायला उरणार नाही.

गोळ्या महाग होत्या. तिनं अर्ध्याच घेतल्या, हे औषधाच्या दुकानातून नंतर कळलं. मी घरी येऊन भावाला सांगितलं, बावन्न भरली. त्याचा जीव भांड्यात पडला. "मग?" तो म्हणाला. "माझा काटा आहे तो."

भांडं फुटलं ते बटाट्याच्या वखारीत. एका खानावळवाल्यानं तिथून पन्नास किलोचं पोतं नेलं आणि दुसरीकडे मोजलं तर पंचेचाळीस भरलं. त्यानं तक्रार केली. वजनमापं खात्याचा निरीक्षक आला, वखारीचा काटा बघितला, त्यावरची भावाची चिठ्ठी बघितली, आणि दोन दिवसांत भावानं दुरुस्त केलेले पाच मोठे काटे उचलून आमच्या मागच्या अंगणात आणले. सोबत त्याची स्वतःची वजनं, पितळी टोप्यांची, लखलखीत. भाऊ त्या वजनांकडे असा बघत होता की मला त्याच्याकडे बघवेना.

सकाळचे अकरा वाजले होते. निरीक्षक म्हातारा, थकलेला माणूस होता, उगाच ओरडणारा नव्हता. त्यानं चिठ्ठ्यांवरच्या तारखा बघून काटे ओळीनं लावले, जुना आधी, नवा शेवटी. प्रत्येकावर पन्नास किलो ठेवायचे आणि आकडा वाचायचा. गिरणीचा काटा साडेपन्नास. रद्दीवाल्याचा बावन्न. पार्सल ऑफिसचा चोपन्न, जरा कमी. वखारीचा साडेपंचावन्न. दवाखान्याचा साडेछप्पन.

"कमाल आहे," निरीक्षक चष्मा पुसत म्हणाला. "काट्यात लबाडी करणारे मी खूप पाहिले. ते सगळीकडे सारखीच करतात. तुमची चूक दर खेपेला थोडी वाढलीय. तुमचं काय माप होतं हो, जे असं झिजत गेलं?"

 भाऊ बोटांवर काहीतरी मोजत होता. त्याला तोंडी हिशेब चांगला येतो, आयुष्यभर तेच केलंय. मी त्याच्या ओठांकडे बघत होते. साडेएक्कावन्न. पन्नास. अठ्ठेचाळीस. सत्तेचाळीस. शेहेचाळीस. मग तो जिन्याकडे पळाला, मी त्याच्या मागोमाग.

ती वर कपडे वाळत घालत होती. त्यानं काही न बोलता तिला मागून उचललं, पोतं उचलतात तसं, दोन्ही हातांवर. लोखंड उचलून उचलून त्याचा हातच काटा झालेला. नुसतं तोलून तो किलोपर्यंत सांगायचा. एवढ्या वर्षांत त्यानं तिला काट्यावर चढवलं होतं, हातात कधी घेतलं नव्हतं. ती लाजून म्हणाली, "अहो, ताई बघतायत. खाली कोण आलंय?"

"त्रेचाळीस," भाऊ म्हणाला. "ताई, त्रेचाळीस गं." आणि तिला तसंच धरून खाली बसला आणि मोठ्यानं रडायला लागला. लहानपणी आई गेली तेव्हासुद्धा तो असा रडला नव्हता.

त्याच दिवशी मोठ्या हॉस्पिटलात नेलं. अंगात रक्त उरलं नव्हतं, त्यात छातीत कधीपासूनचा कफ. तिथल्या डॉक्टरीणबाईनं भावाला बाजूला घेऊन विचारलं, "ही बाई काय जेवत होती?" भावाला सांगता येईना. लेकीला सांगता येईना. ती आमच्यानंतर जेवायची, एवढंच आम्ही सांगत राहिलो.

सोळा दिवस ती तिथे होती. हॉस्पिटलचा डबा यायचा. लेक भेटायला गेली की ती डब्यातलं अंडं रुमालात बांधून तिच्या हातात द्यायची, "घरी नेऊन बाबांना दे" म्हणून. नर्स रागावली तर ऐकून घ्यायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच करायची. तिला आता हवं ते खाता आलं असतं, पण चार घास गेले की उलटी व्हायची. शेवटच्या तीन दिवसांत तिनं मला दोनदा विचारलं, हप्ता भरला का. मी म्हटलं, भरला. भरला नव्हता. भावाचा परवाना गेला होता, दंड झाला होता, दुकान बंद होतं. सतराव्या दिवशी सकाळी ती गेली.

सहा हप्ते राहिले होते. भाऊ धान्याच्या कोठारात पोती उचलायला जायला लागला. मी पडदे, उशा, मिळेल ते शिवलं. एक चुकला, पण लागोपाठ तीन कधी चुकले नाहीत. आणि आज घर आमचं आहे. ते पतपेढीचे सभ्य गृहस्थ कागद घेऊन आले, कर्ज असं फेडणारे लोक आता राहिले नाहीत म्हणाले. मी त्यांना चहा दिला नाही.

लोक भावाला बोलतात. बायकोला माप केलं म्हणतात, निर्दयी माणूस म्हणतात. मी ऐकत नाही, मी भांडते, समोरच्याला सोलून काढते. त्याचा काटा चुकला, पण त्याला काट्यानं फसवलं होतं. मला कुणी फसवलं नव्हतं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

सत्ताविसावा हप्ता भरून दोन दिवस झाले होते. दुपारी मी मशीनवर होते, भाऊ खाली, लेक शाळेत. ती दोन ड्रेस घेऊन आली आणि म्हणाली, "ताई, जरा आत घेता का? ढिले पडलेत." मी टेप तिच्या कमरेभोवती फिरवली. मीच शिवले होते ते ड्रेस, माप मला तोंडपाठ होतं, अठ्ठावीस. टेपवर तेवीस आले. मी पुन्हा फिरवली. पुन्हा तेवीस. शिवणाऱ्या बाईला पाच इंच म्हणजे काय हे कुणी समजावून सांगावं लागत नाही. मी वर बघितलं. तिनं माझ्या हातावर हात ठेवला, नुसती हाडं लागली, आणि हळूच म्हणाली, "ह्यांना सांगू नका. नऊच राहिलेत."

मी काय करायला हवं होतं? टेप टाकून जिन्यावरून ओरडायला हवं होतं. एरवी चहासाठी ओरडणारी मी. पण नऊच राहिलेत म्हटल्यावर माझ्याही डोक्यात पहिलं हेच आलं, की खरंच, नऊच राहिलेत. घर गेलं तर या वयात मी कुठे जाणार? नऊ महिने काय, निघून जातील. नंतर खाईल पोटभर. मी खडूनं खूण केली, दोन्ही बाजूंनी अडीच अडीच इंच आत घेतले, पक्की दुहेरी शिलाई मारली. तिनं एक घालून बघितला. छान बसला. तेवढ्यात माझ्या चहाची वेळ झाली म्हणून ती आत गेली आणि कप घेऊन आली, आणि मी तो प्यायले.

आता स्वयंपाक भाऊच करतो. लेकीचं आणि माझं ताट आधी वाढतो, मग स्वतःचं, तिघांनी एकदम बसायचं हा त्याचा नियम आहे. कधीकधी वाढता वाढता हात थांबतो आणि तो विचारतो, "ताई, दिवसभर तू घरात असायचीस. तुला एकदाही काही दिसलं नाही?"

"नाही रे," मी म्हणते. "माझ्यापासूनही लपवलं तिनं."

"तुझी काय चूक," तो म्हणतो आणि माझ्या ताटात आणखी भात वाढतो. मी तो जेवते.